रक्त काढण्याआधीच्या प्रश्नांसाठी आभार

सोलापूर

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करायची की थांबायचं, हे ठरवताना आम्ही डॉक्टर आधी बघतो तो तुमच्या हातचा केसपेपर. त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, ४ च्या वर गेलं की मोहोळ-अक्कलकोटकडची माणसं कॅन्सर धरूनच ओपीडीत येतात. तुम्ही मात्र सुई टोचण्याआधी विचारता: लघवीला जळजळ होते का? ताप आला होता? अलीकडे लघवीची नळी घातली होती? जंतुसंसर्गात पीएसए भलतंच चढतं आणि उतरायला सहा-आठ आठवडे घेतं. आधी युरीन कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी), मग उपचार, मग त्याच लॅबमध्ये पुन्हा पीएसए, हा क्रम तुम्ही मोडू देत नाही. दोन दिवसांत शरीरसंबंध आला का, हेही विचारता, पण मुलगा-सुनेला बाहेर बसवून.

‘लघवीची गोळी चालू आहे’ एवढ्यावर तुमचं भागत नाही. पाकीट मागून मागची बारीक अक्षरं वाचता. नुसती टॅम्सुलोसिन असेल तर पीएसएला फरक पडत नाही. पण दोन औषधांच्या जोडगोळीत प्रोस्टेट आकसवणारं ड्युटास्टेराइड असेल आणि ती सहा महिने पोटात गेली असेल, तर आकडा साधारण निम्मा होतो. मग रिपोर्टवरचं ३.२ हे ६.४ धरायचं. रिपोर्ट त्याला नॉर्मल म्हणतो, म्हणूनच ही चूक सगळ्यांत महागात पडते.

सोनोग्राफीत नुसतं ‘प्रोस्टेट मोठी’ लिहून आलं की तुम्ही तिन्ही मापं मागवता. ५.१ × ४.६ × ४.४ सेंटिमीटर, गुणिले ०.५२, म्हणजे सुमारे ५४ मिली. ६.४ ला ५४ ने भागलं की ०.१२; हीच पीएसए डेन्सिटी, म्हणजे ग्रंथीच्या आकाराच्या मानाने पीएसए किती. तेच ६.४ जर २८ मिलीच्या ग्रंथीचं असेल तर ०.२३. ०.१५ च्या वर काळजी वाढते. पोटावरून घेतलेलं माप अंदाजी असतं, त्यामुळे ०.१४ आणि ०.१६ मध्ये आम्ही भांडत बसत नाही.

वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर होता का, तेही तुमच्याच अक्षरात असतं. कॅन्सरची शक्यता टक्क्यांत काढणाऱ्या रिस्क कॅल्क्युलेटरला हीच माहिती लागते. रॉटरडॅमचा कॅल्क्युलेटर युरोपातल्या पुरुषांवरून बेतलेला, म्हणून त्याची टक्केवारी इथल्या माणसाला जशीच्या तशी लावत नाही. बोटाने तपासताना कडक गाठ लागली किंवा एमआरआयवर पायरॅड्स (कॅन्सरच्या संशयाची १ ते ५ श्रेणी) ४-५ आलं, तर भागाकार कितीही कमी येवो, बायोप्सीकडे जावंच लागतं. अडतं ते पायरॅड्स ३ ला. तिथे केसपेपरवर तुम्ही पेन्सिलीने लिहिलेली भागाकाराची ओळच पारडं फिरवते.

गुदमार्गातून सुई घालून बारा तुकडे काढायचे, म्हणजे रक्तस्राव आला, सेप्सिसची (जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याची) भीती आली. गरज नसलेल्यांची बायोप्सी टळते, गरज असलेल्याची वेळेत होते. दोन्हींत तुमचा हात आहे.

एक विनंती: नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांना गोळ्यांचं पाकीट वाचायला तुम्हीच शिकवा.

आपले,
मूत्ररोग ओपीडीतले डॉक्टर