आभाळाच्या फोटोला गावाचे नाव हवे

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आमच्या वरूड तालुक्यातल्या वादळी पावसाची बातमी आली. सोबत फोटो होता. जांभळे आभाळ, मधोमध दुभंगलेली वीज आणि खाली नारळाच्या झाडांची रांग. संत्र्याच्या या पट्ट्यात मी चाळीस वर्षे फिरतो आहे, अशी रांग मला अजून भेटायची आहे. पानटपरीवर लोक खो-खो हसले आणि बातमीही हसण्यावारी गेली. ज्यांचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा संत्र्याचा बहार, झडला त्यांना मात्र हसू आले नाही.

मी लग्नांचे फोटो काढून पोट भरणारा माणूस. आभाळ हा नाद. रोलच्या जमान्यात छत्तीसातले दोन-तीन फोटो आभाळासाठी चोरायचो. वडील म्हणायचे, "आभायाचे काय फोटो काढतं रे? त्याचे पैसे कोन देते?"

मार्च-एप्रिलात सकाळी आभाळ कोरे असते. दुपार कलली की सातपुड्यावर फुलगोबीच्या गड्ड्यासारखे ढग चढू लागतात. चढता चढता माथा ऐरणीसारखा सपाट पसरला, की समजायचे ढग पिकला. त्याच्या पोटाला हिरवट-निळी झाक आली, तर मी पाहिले त्यात बहुतेक वेळा गाराच पडल्या. हल्ली फोटोत नेमकी हीच झाक आधी मरते. मोबाइलवर बोट फिरवले की सगळे आभाळ जांभळे! दिसते झकास, पण ते आभाळ कुठले, कधीचे, कोणाच्या वावरावरचे, काही कळत नाही.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्यभर गारपीट झाली, तेव्हा धुऱ्यावर गारांशेजारी रुपयाचे नाणे ठेवून मी फोटो काढले. झाडाखाली पडलेल्या बारक्या फळांचा सडा काढला. चुलतभावाने पंचनाम्याच्या वेळी ते दाखवले. पण मधे कॅमेऱ्याची बॅटरी संपल्याने घड्याळ मूळपदावर गेले होते. प्रत्येक फोटोवर तारीख १ जानेवारी २००८. साहेबांनी फोटो परत केले. "गार खरी आहे हो, पण कोणत्या वर्षाची?" त्यांचे काय चुकले? चुकलो मी. तेव्हापासून पिशवीतून कॅमेरा काढला की आधी घड्याळ बघतो, मग आभाळ.

म्हणून विनंती, की आभाळाच्या फोटोखाली गाव, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, एवढे छापा. फोटो जुना असेल तर 'संग्रहित' लिहा. एका ओळीचे काम आहे.

वाचकांकडून विजेचे फोटो मागवता, त्या चौकटीतही थोडी जागा काढा. आमच्याकडची पोट्टी मोबाइल उंच धरून निंबाखाली उभी राहतात, ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो. रात्रीची वीज पकडायला बाहेर जावेच लागत नाही. पक्क्या घरात खिडकीशी ट्रायपॉड, आयएसओ (उजेड टिपण्याची तीव्रता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचे तोंड) ८, शटर पंधरा सेकंद उघडे, घरातला दिवा बंद. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर, हातात रिमोट. वीज स्वतःच्या उजेडात स्वतःचा फोटो काढून जाते. वावरात असलो तर चमकल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजतो, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला की सामान आवरून घराकडे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजा दाखवते, फुकट आहे. पोरांच्या मोबाइलमध्ये फिल्टर पन्नास, हे तेवढे नसते.

सोबत एक फोटो पाठवत आहे. शेंदूरजनाघाट रस्ता, सायंकाळी ५.४०, तोंड उत्तरेला, तारीख मागे पेनाने लिहिली आहे. रंगाला हात लावलेला नाही. उजव्या कोपऱ्यात विजेच्या खांबाची तार आली आहे. कृपया ती खोडू नये, त्या तारेवरूनच गावातला माणूस जागा ओळखेल.

आपला नियमित वाचक,
एक स्टुडिओवाला
ता. वरूड, जि. अमरावती