शैली बदलते ती ओल्या रंगात

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

चित्रकाराच्या कारकिर्दीवर लिहिताना आधी वास्तववादी, मग अमूर्त असे कप्पे पाडले जातात आणि मधल्या बदलाला 'अंतर्मुख प्रवास' म्हणून मोकळे होतात. रंग कोणता, लावला कशाने, याचा उल्लेखही नसतो. शैली बऱ्याचदा तिथेच वळण घेते.

जर्मन चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांचे उदाहरण पाहा. 1960च्या दशकात ते छायाचित्रावरून तैलरंगात चित्र करत आणि रंग ओला असतानाच कोरडा ब्रश फिरवून कडा पुसट करत. 1980च्या दशकात अमूर्त चित्रांसाठी त्यांनी स्क्वीजी, म्हणजे लांब सपाट पट्टी, हाती घेतली. वरवर पाहता ही दोन वेगळ्या माणसांची कामे वाटतात. हाताची क्रिया मात्र तीच, ओला रंग ओढत नेण्याची. फक्त ओढणारी कड रुंद झाली. ब्रशने नेमके कुठे पुसायचे ते ठरवता येते. पट्टीखालून काय उघडे पडेल, यावर तेवढा ताबा राहत नाही.

आणि वेळ चुकली की काम फसते. खालचा थर फार ओला असेल तर सगळे रंग मिसळून चिखल होतो. पार सुकला असेल तर वरचा रंग नुसता सरकतो, खालचा जागचा हलत नाही. साय धरलेली, पण आत ओल शिल्लक, अशा अवस्थेत पट्टी ओढली की वरचा थर जागोजागी फाटतो आणि खालचे रंग डोकावतात. ही सवड तैलरंगच देतो. ॲक्रिलिक या पाण्यात कालवता येणाऱ्या रंगाचा पातळ थर काही मिनिटांत सुकतो. एकमेकांना खेटलेले, न मिसळणारे सपाट रंग हवे असतील तर तेच सोयीचे. चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी तैलरंगाकडून ॲक्रिलिककडे वळल्यावर बिंदूची, म्हणजे मोठ्या वर्तुळाभोवती रचलेली, भूमिती उभी केली, हे म्हणूनच नोंदवायला हवे.

कप्प्यांचे म्हणाल, तर अमूर्त चित्रे ऐन भरात असताना, 1988 मध्ये, रिख्टर यांनी 'बेट्टी' हे मुलीचे मान वळवलेले, फोटोइतके हुबेहूब चित्र केले!

आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याकडे रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग लावायची व खरवडायची बोथट सुरी, आले आणि ब्रशचे फटकारे मागे पडले. रंग चढवणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो काढणेही. 1984च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही काळ थांबले. त्या वर्षांत कागदावर शाईची छोटी कामे झाली. शरीराला किती पोहोचता येते, यावरही शैली ठरते.

आपल्या पुरवणीत चित्राखाली माध्यम, सेंटिमीटरमध्ये माप आणि वर्ष छापावे. शक्य असेल तेव्हा बाजूने तिरपा प्रकाश टाकून घेतलेला एक जवळचा फोटोही द्यावा. समोरून घेतलेल्या फोटोत थरांची उंची सपाट होऊन जाते.

आपला,
एक वाचक