मुक्कामापुढे उंचीचा आकडाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत केदारनाथ, चोपता-तुंगनाथ, लेह, मनालीच्या सहलींचे कार्यक्रम येऊ लागतात. त्यात हॉटेल, नाश्ता, किलोमीटर सगळे असते. कुठला मुक्काम किती उंचीवर आहे, तेवढे मात्र नसते. खानदेशातल्या प्रवाशाला नेमका तोच आकडा हवा. जळगाव-भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम २१० मीटरवर. नंदुरबारचा अस्तंभा सव्वातेराशे मीटरचा. शेजारच्या बागलाणातला साल्हेर सर केला तरी १५६७ मीटरच. विरळ हवेचा त्रास सुरू होतो साधारण अडीच हजारांच्या वर. म्हणजे इथे कितीही डोंगर चढा, पाय तयार होतात, छाती तयार होते. पण विरळ हवेची सवय इथे लागत नाही. ती तिकडेच, पायरीपायरीने वर मुक्काम करत लागते. पट्टीचे धावणारे तरुणही आजारी पडतात ते यामुळेच.

उंचावरच्या हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर, म्हणजे लेहला किंवा केदारनाथला, दाब इथल्या दोन तृतीयांशाच्या आसपास उरतो आणि प्रत्येक श्वासात त्याच प्रमाणात कमी प्राणवायू मिळतो. शरीर श्वास वाढवून जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी थांबावे. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपायला उतरणे त्या मानाने सोसते. विमानाने लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस चढाईचे नावही काढू नये.

उत्तराखंडातल्या चोपत्याचेच उदाहरण घ्या. हरिद्वारहून एका दिवसात चोपता (सुमारे २६८० मीटर) गाठायचे आणि दुसऱ्या पहाटे तुंगनाथ (३६८०) करून त्यावरच्या चंद्रशिला शिखरावर (सुमारे ४०००) जायचे, असा कार्यक्रम सर्रास असतो. त्याऐवजी एक रात्र उखीमठला (सुमारे १३००) आणि दोन रात्री चोपत्याजवळ काढाव्यात. मधल्या दिवशी तास-दोन तास हळू फिरावे आणि चढाई त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवावी. एका जादा मुक्कामाचा खर्च होतो, पण सगळ्या तयारीत पैसा इथेच लावावा असे आमचे ठाम मत आहे.

वेळेचा हिशेब घरीच मांडता येतो. सपाटीला ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. चोपता ते चंद्रशिला साधारण पाच किलोमीटर, चढ १३०० मीटर: तीन तास दहा मिनिटे. विरळ हवेसाठी त्यात निम्म्याची भर घातली की पावणेपाच तास होतात. पहाटे पाचला निघालात तर पावणेदहाला माथ्यावर, अर्धा तास तिथे, उतरायला तीन तास. सव्वा वाजता खाली. डोंगरात दुपारनंतर ढग जमतात, वीज-गारा येतात. म्हणून परतीची वेळ आदल्या रात्रीच ठरवावी. अकरा वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचे, माथा शंभर पावलांवर असला तरी.

पायांची तयारी आठ आठवडे आधी सुरू करावी. लळिंगचा किल्ला, पाटणादेवीचा डोंगर, तोरणमाळ सगळे उपयोगाचे आहेत, पण मे महिन्यात ४४ अंशांत उन्हाचा घात होतो. सूर्य वर यायच्या आत उतरून यावे. डोंगर लांब असेल तर इमारतीचा जिना आहेच. मजला तीन मीटरचा धरला तर चौथ्या मजल्यापर्यंत पन्नास फेऱ्या म्हणजे ६०० मीटर चढ. दहा फेऱ्यांपासून सुरुवात करा. पाठीला चार-पाच किलोची पिशवी हवी आणि उतरताना लिफ्ट नको, कारण मांड्या भरून येतात, गुडघे बोलू लागतात ते उतारावरच. बूट अर्धा नंबर मोठे घ्यावेत आणि निघण्याआधी किमान ५० किलोमीटर वापरावेत. नवे बूट आणि सुती मोजे म्हणजे फोड ठरलेले. नखे कापली नाहीत तर उतारावर बोटे बुटाच्या टोकाला आदळून नखे काळी पडतात.

दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश गारवा वाढतो, त्यात वारा. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. आत पटकन वाळणारा बनियन, वर लोकरी किंवा फ्लीसचा थर, त्यावर वारा-पाऊस अडवणारे जाकीट, कानटोपी, हातमोजे. ऊन थंड वाटते पण भाजते जास्त, आणि बर्फावर अतिनील किरणे अडवणारा चष्मा नसेल तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. पाणी माणशी तीन लिटर, सोबत ओआरएस. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर उत्तम. भूक नसली तरी पाऊण तासाला मूठभर खावे. टॉर्च, शिट्टी जवळ हवी आणि मोबाईल आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी उतरते. केदारनाथच्या वाटेवर खेचर आले की डोंगराच्या बाजूला उभे राहावे. दरीच्या बाजूला उभा असलेला माणूस धक्क्याने खाली जातो.

औषधाबद्दल. ॲसिटाझोलामाइड ही विरळ हवेचा त्रास टाळण्याची गोळी काही जणांना उपयोगी पडते, बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे विकार, चालू गोळ्या हे सगळे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय घेऊ नये. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी महिनाभर आधी तपासणी करावी. वर दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य, दोन्हींनी झोपेत श्वास मंदावतो. कापराची पुडी हुंगून रक्तातला प्राणवायू वाढत नाही. प्राणवायूची छोटी डबी काही मिनिटांत संपते. धोका असा की तात्पुरते बरे वाटते आणि माणूस आणखी वर जातो. ऑक्सिमीटरही गार बोटावर चुकीचा आकडा दाखवतो. लक्ष लक्षणांकडे हवे.

डोके दुखते आणि सोबत मळमळ किंवा फार थकवा, तर वर जाऊ नये. तिथेच थांबावे, आराम पडला नाही तर उतरावे. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावले टाकायला सांगा. तोल जात असेल, बोलणे असंबद्ध होत असेल, किंवा बसल्या जागीही दम लागून खोकला येत असेल, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आली असू शकते. तेव्हा सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, सोबत माणूस देऊन त्याला किमान हजार मीटर खाली न्यावे. प्राणवायू मिळाला तर वाटेत द्यावा, पण त्यासाठी उतरणे थांबवू नये.

संपादक महोदय, यंदाच्या पुरवणीत सहलीच्या प्रत्येक मुक्कामापुढे कंसात मीटरमधली उंची छापावी, ही विनंती. आणि वाचकांनी पैसे भरण्याआधी सहल कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात: पहिल्या चार रात्री कुठल्या उंचीवर आहेत, मधे विश्रांतीचा दिवस आहे का, आणि एकजण आजारी पडला तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार.

आपले,
डोंगरभटके वाचक, भुसावळ