दोन्ही 'फक्त' एका मापाने मोजू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अग्रलेखात 'फक्त अमक्यांसाठी' चालणाऱ्या सगळ्या संस्थांना तुम्ही एकाच काठीने हाणले. निराधार बायकांचे आधारगृह आणि ज्ञातीचे वसतिगृह तुम्हाला सारखेच वाटावे, याचे फार वाईट वाटले.

दोन वर्षांपूर्वी भाचीला इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा मी तिला घेऊन एका ज्ञातीच्या वसतिगृहात गेले होते. खोल्या रिकाम्या होत्या. व्यवस्थापकांनी स्वतः दाखवल्या, सकाळचे ऊन येते हेही सांगितले. फॉर्ममधल्या पोटजातीच्या रकान्यात मी रेघ मारली. त्यांनी रेघेवर बोट ठेवले, "बेन, आ तो भरवुं पडशे." (बाई, हे तर भरावे लागेल.) भरले, आणि खोल्या भरल्या! पोरगी बॅग घेऊन दारातच उभी होती. हे वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टच्याच सभागृहात आमच्या घरचे लग्न झाले, तेव्हा भाड्याच्या पावतीवर जातीचा रकाना नव्हता.

शेवटी भाची राहिली ती मुलींच्या वसतिगृहात. तेही 'फक्त'च ना? पण तिथे पुरुषांना खोली देत नाहीत म्हणून कोणाचे बिऱ्हाड रस्त्यावर आलेले नाही.

बडोद्याच्या वर्तमानपत्राला हे सांगावे लागावे? सयाजीराव महाराजांनी अंत्यजांसाठी, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांसाठी, वेगळ्या शाळा काढल्या, कारण बाकीची दारे बंद होती. आणि त्याच बडोद्यात १९१७ साली महाराजांच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी धर्मशाळेतून काढले, गावात कोणी जागा दिली नाही, कमाटीबागेत बसून राहावे लागले. एक 'फक्त' दार उघडणारा, दुसरा लावणारा.

घटनेच्या कलम १५ मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतूद करायची मुभा आहे. १९६१ च्या आयकर कायद्यानेही एकाच धर्माच्या वा जातीच्या भल्यासाठी निघालेल्या नव्या ट्रस्टांना करमाफी नाकारली, पण अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीचे ट्रस्ट त्यातून वगळले. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीला सभासदत्व पारशांपुरते ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, हे मला ठाऊक आहे. म्हणजे ते व्यवस्थापक कायद्यात बसतही असतील. तुमचा अग्रलेख खरे तर यावर हवा होता. तुम्ही मात्र मथळ्यात 'महिलांची मक्तेदारी' छापून मोकळे झालात.

माझे मागचे पत्र तुम्ही निम्मे कापले होते. हेही कापायचे असेल तर कापा, पण कमाटीबागेचा मजकूर कृपया ठेवा.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा