पडद्यामागची माणसे राहून गेली

महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन रॉक गायक अ‍ॅलिस कूपरच्या दौऱ्यांवरचा लेख वाचला. टोरांटोच्या कार्यक्रमात १९६९मध्ये त्याने प्रेक्षकांत फेकलेली कोंबडी आलीच. तिच्याशिवाय या माणसावर कुणी लिहीतच नाही! पण मी तीस वर्षे नाटकांच्या दौऱ्यांत नेपथ्य लावले, त्यामुळे माझा जीव अडकला तो मंचावर त्याच्या शिरच्छेदाचा देखावा करणाऱ्या गिलोटिनमध्ये. १९७३च्या ‘बिलियन डॉलर बेबीज’ दौऱ्यातले ते यंत्र जादूगार जेम्स रँडीने रचले होते आणि मंचावर जल्लादही तोच व्हायचा. ज्याने पाते बसवले, तोच ते पाडणार. आमच्या धंद्यात याहून चांगली हमी नाही. लेखात मात्र रँडीचे नावही नाही.

१९८८मध्ये लंडनच्या वेंब्लीत फाशीच्या खोट्या प्रसंगाची तालीम चालू असताना कूपरला तोलून धरणारी पियानोची तार तुटली. मान मागे टाकल्यामुळे तो वाचला. तार दिसायला धडधाकट असते, आतून कधी थकली ते कळत नाही. आमचा एक झुंबराचा दोर असाच गेला होता. नशिबाने खाली फक्त सोफा होता.

पुढच्या लेखात दोर-तारा सांभाळणाऱ्यांसाठी दोन ओळी ठेवा.

– एक निवृत्त नेपथ्य कामगार, गिरगाव