कॅलेंडरवरचे लाल ठिपके

इंदूर, रविवार दुपार

चि. सलील,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या डाएटचा तक्ता घरच्या ग्रुपवर पाहिला. तुझी रेघ सरळ खाली, अदितीची दोन आठवडे खाली आणि मग पुन्हा वर. त्याखाली तू लिहिलंस, "कुणीतरी रात्री चोरून खातंय!" काकाने हसणारे चेहरे टाकले. अदितीने काहीच लिहिलं नाही. म्हणून हे पत्र, आणि फक्त तुला.

मी इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण पाळीचा धडा आला की आम्ही मुलग्यांना मैदानावर पिटाळायचो. घरीही तेच केलं. तर आज ऐक.

पाळी आटोपली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढत जातं, आणि ते भूक आवरून धरतं. बीज सुटायच्या सुमारास खाणं सगळ्यात कमी असतं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचे दिवस. अंग 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने गरम राहतं, बऱ्याच जणींना भूक जास्त लागते, गोड-तळकट खावंसं वाटतं. सगळ्यांचं सारखं नसतं, पण तुझ्या आईचं होतं. शिवाय अंगात पाणी साठतं. काटा किलोभर पुढे जातो, आणि पाळी सुरू झाली की काही दिवसांत मागे येतो. ती चरबी नव्हे रे. किलोभर चरबी चढायला जवळजवळ 7,700 कॅलरी जादा खाव्या लागतात. चार दिवसांत एवढं खायचं तर सराफ्याच्या खाऊगल्लीतच अंथरूण टाकावं लागेल!

आपल्या स्वयंपाकघरातलं दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर आठवतं? त्यावर मी त्या चार दिवसांच्या कोपऱ्यात लाल ठिपके द्यायचे. बाबांना वाटलं, दूध आलं नाही. एकदा त्यांनी दूधवाल्या भैयाचे चार दिवसांचे पैसे कापले. तो बिचारा दारात शपथा घेतोय, आणि मी आत तोंडाला पदर लावून उभी.

त्या ठिपक्यांच्या आधीच्या आठवड्यात, भांडी आवरल्यावर, मी ओट्याशी उभ्याने लौंग शेव खायचे. झाकण वाजू नये म्हणून डबा पोटाशी धरून. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून नुसत्या चहावर, आणि रात्री पुन्हा दुप्पट शेव. कुणी काही बोललं नव्हतं, फक्त "बाईसाहेब भरल्या हं" एवढंच, तेही हसत.

आता एक काळजीचं. तू रात्रीचं जेवण सोडलंस, ठीक. तिला तेच करायला लावू नकोस. 1994 साली लेप्टिन नावाचं संप्रेरक सापडलं. ते चरबीच्या पेशींतून निघतं आणि घरात शिधा किती आहे ते मेंदूला कळवतं. खाणं फार तोडलं की ते झपाट्याने उतरतं. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, आणि तो बीजकोशाकडे जाणारे हुकूम कमी करतो. पाळी लांबते, कधी बंदच पडते. वजन उतरतंय म्हणून आपण खूश, आणि आत हा गोंधळ. तिची पाळी पुढे सरकायला लागली तर खाणं वाढवा आणि डॉक्टरांकडे जा. वाट बघत बसू नका.

तुझा तक्ता मोडायला नको, मांडणी बदल. तुझं वजन आठवड्याला लाव. तिचं मात्र या पाळीच्या सातव्या दिवसाचं मागच्या पाळीच्या सातव्या दिवसाशी. अर्थात, तिने स्वतःहून दिवस सांगितला तरच. आणि पाळीआधीच्या आठवड्यात तिला एक पोळी, वाटीभर उसळ जास्त घेऊ दे. भूक खरी असते ती.

ग्रुपवरचा तक्ता काढून टाक.

शेजारचे पुण्याला निघालेत, त्यांच्यासोबत जीरावण मसाला आणि अर्धा किलो लौंग शेव देतेय. शेव काचेच्या बरणीत भर आणि जेवायच्या टेबलावर ठेव. मागच्या फळीवर नको.

तुझी,
आई