करडीची अंडी आणि माझी रजा

एक्सेटरजवळ, डेव्हन, इंग्लंड
१२ एप्रिल २०२६

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार.

फोटो पाहिला. आधी वाटलं म्हावऱ्याच्या पोटातलं काहीतरी धरलंयस, मग कळलं की आपल्या करडी कोंबडीचं बिनकवचाचं अंडं आहे. फोनवर सांगायला गेलं की बाबा मध्येच फोन घेतात आणि दादाच्या लग्नाला यायच्या तिकिटाचं विचारतात, म्हणून लिहूनच पाठवते. दादाकडून वाचून घे, चष्मा शोधत बसू नकोस.

पहिलं म्हणजे काकीला सांग, नजरबिजर काही नाही. लग्नघरात कोंबडीने बिनकवचाचं अंडं घातलं की अपशकुन, हे तिने कुठून काढलं? माझ्या घरमालकीण आजीबाईंची एक कोंबडी गेल्या महिन्यात असंच अंडं टाकत होती, आणि इथे कोणाचंही लग्न नव्हतं.

आणि हो, खुराडं मी साफ करते. आजीबाई सांगतात म्हणून नाही, मला आवडतं म्हणून. ‘कोंबड्यांची घाण काढायला लंडनला गेलीस का’ असं तू म्हणालीस ते मला लागलं. एक तर हे लंडन नाही. दुसरं म्हणजे वॉर्डात बारा तास काढून आल्यावर कोंबड्यांशी इंग्रजीत बोलावं लागत नाही.

तू विचारलंस, उरलेला भात का नाही घालत तिथे. आई, इथे तो गुन्हा आहे. हसू नकोस, खरंच कायदा आहे. २००१ साली इथे जनावरांत लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली होती. डुकरांना न उकळलेलं खरकटं घातलं त्यातून ती सुरू झाली असं मानतात. ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. तेव्हापासून स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबडीला घालायचं नाही, मग ती अंगणातली एकुलती एक का असेना. भात नाही, पोळी नाही, बटाट्याची सालंही नाहीत. बागेतला कोबी थेट बागेतून चालतो, पण तोच कोबी एकदा ओट्यावर ठेवला की बाद! म्हणून आजीबाई पावसात, दाराबाहेर, छत्री खांद्याला अडकवून कोबीची वरची पानं काढतात आणि तिथूनच कोंबड्यांना टाकतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, वयामुळे काहीतरी झालंय. ज्या घरात दूध, अंडी, मांस काहीच शिजत नाही त्यांना सूट आहे. म्हणजे कोंबड्या पाळायच्या, पण अंडं घरात आणायचं नाही, तर खरकटं घाला! बरं, कोंबडी एक असली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. आपल्या घणसोलीत हे लागू केलं तर अर्धं गाव आत जाईल.

आता करडीचं. आजीबाईंची होती फार्मवरून काढून टाकलेली, दीड वर्षाची. ही जात वर्षाला ३००च्या आसपास अंडी देते. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं, म्हणून ती आतून रिकामी होते. तिला फक्त लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा दिला, मका बंद केला, तीन आठवड्यांत कवच आलं. पण आपली करडी गावठी, वर्षाला शंभरसुद्धा देत नाही. तिला एवढं कमी पडायला नको. म्हणून मी दोन दिवस विचार करत होते, आणि मग तुझ्या फोटोतला मागचा पत्रा दिसला.

आई, कोंबड्या गच्चीवर कधीपासून? नवीन घर झाल्यापासूनच ना? आधी त्या मागच्या अंगणात उकरायच्या, किडे खायच्या, उन्हात पडायच्या. आता जाळी, वर पत्रा, खाली कोबा, आणि खायला तांदळाची कणी. कणीत कॅल्शियम नसल्यातच जमा. पत्र्याखाली ऊन अंगावर येत नाही, म्हणजे ड जीवनसत्त्व नाही, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. त्यात एप्रिलचा उकाडा. कोंबडी चोच उघडून धापा टाकते ना, तेव्हा श्वासातून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्तात कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं. कवच म्हणजे दुसरं काय, चुनखडीच. शिवाय उकाड्यात ती खातही कमी.

तर असं कर. सकाळी नऊच्या आत त्यांना तासभर उन्हात मोकळं सोड. दुपारी पत्र्यावर ओलं गोणपाट टाक, पाणी दोनदा बदल. खायला लेअर मॅश आण, पिशवीवर कॅल्शियम साडेतीन-चार टक्के लिहिलेलं बघ. पिल्लांना मात्र ते नको, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. आणि तिसऱ्यांच्या, कालवांच्या शिंपल्या फेकू नकोस. भाजून, कुटून, मसुराएवढे तुकडे वेगळ्या वाटीत संध्याकाळी ठेव. पीठ करू नकोस. कवच चढायला वीस तास लागतात आणि त्यातला बराचसा वेळ रात्रीचा. जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात. किती खायचं ते तिला कळतं.

हे लिहिताना आठवलं, आजी उंबऱ्यात बसून शिंपल्या कुटायची आणि आपण म्हणायचो, म्हातारीला दुसरा उद्योग नाही. मी इथे तोच चुरा पौंड मोजून पिशवीतून आणते. पिशवीवर छान चित्र आहे.

मऊ अंडं दिसलं की लगेच उचल, नाहीतर फोडून खायची सवय लागते. रात्री मांजर येतं का तेही बघ, घाबरली तरी अंडं अर्धवट पडतं. हळदीच्या रात्री बेंजो वाजणार, तेव्हा खुराडं काकीच्या गच्चीवर हलव. कोंबड्या शिंकत असतील, मान टाकत असतील तर मात्र माझं काही ऐकू नकोस, सरळ सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलाव. मानमोडीतसुद्धा (राणीखेत रोगात) अशी अंडी येतात. लस कधी दिली होती?

माझं सगळं ठीक आहे. बारीक झालेली नाही, तो फोटो वरून काढलेला होता. थंडी कमी झालीये. जवळा संपला, पण कोणाबरोबर पाठवू नकोस, मागच्या वेळी खोलीला आठवडाभर वास होता. (आजीबाई काही म्हणाल्या नाहीत. खिडकी उघडली फक्त.)

दादाला दीड लाख पाठवलेत, मंडपाचे आणि बेंजोचे त्यातून द्या. माझ्या बांगड्यांसाठी तू बाजूला ठेवलेलं आहे ते हॉलला वापर, मला सध्या नको. उरणच्या स्थळाला ‘नंतर बघू’ म्हणून सांग, ‘नाही’ म्हणू नकोस, म्हणजे बाबांना वाईट वाटणार नाही.

अधिक महिना लागायच्या आत लग्न उरकायचं ते बरोबरच आहे. पण आई, मला येता येणार नाही. व्हिसा वाढवायचा अर्ज दिलाय. निकाल लागायच्या आत देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात, पैसे जातात ते वेगळंच. बाबांना सांग, विमानतळ दारात आला म्हणून रजा दारात येत नाही. नको, असं सांगू नकोस. मीच बोलेन त्यांच्याशी, रविवारी.

दादाला हळद लावताना माझ्या वाटची तू लाव. व्हिडिओ कॉल ठेवा, पण फोन कोणाच्या तरी हातात द्या, खुर्चीवर उभा करून ठेवू नका, मागच्या वेळी मला तीन तास नुसता पंखा दिसला.

करडीचं पुढचं अंडं आलं की फोटो पाठव, उजेडात काढ.

तुझी,
बाय